निवृत्तीच्या पैशाला घाई कसली?

निवृत्तीनंतरच्या महिन्या-दोन महिन्यांत माणसाच्या खात्यावर जी रक्कम जमा होते, तेवढी त्याने आयुष्यात एकदम कधी पाहिलेली नसते. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, आणि पेन्शन असेल तर तिचा काही भाग विकून एकरकमी मिळालेली रक्कम. बँकेच्या काउंटरच्या आत बसून नोकरी केल्यामुळे हे चेहरे मला पाठ आहेत. पासबुक भरून हातात आलं की माणूस ते तिथेच उघडतो, एकं, दहं, शतं करत आकड्यावरून बोट फिरवतो, पुन्हा एकदा फिरवतो. मग पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी कापडी पिशवीत जाते.

त्या आकड्यात काय काय असतं हे बाहेरच्याला दिसत नाही. सरकारी नोकरीत जास्तीत जास्त तीनशे दिवसांची अर्जित रजा साठवून तिचे पैसे घेता येतात. त्या तीनशे दिवसांसाठी ताप अंगावर काढून कामावर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. सोसायटीचं कर्ज फेडताना, मुलांची शिक्षणं करताना, ज्या हौशी पुढे ढकलल्या त्या सगळ्या त्या आकड्यात असतात. आणि हा पैसा पुन्हा कमावता येत नाही. पस्तिशीत दोन लाख बुडाले तर माणूस हळहळतो आणि कामाला लागतो. सत्तरीत बुडाले तर औषधांच्या दुकानात तो कुठली गोळी पुढच्या महिन्यावर ढकलता येईल याचा विचार करू लागतो.

म्हणून म्हाताऱ्या माणसांना फोनवरून घाबरवून हा पैसा लुटणाऱ्या टोळ्यांबद्दल मला तळमळीने लिहावंसं वाटतं.

फोन बहुतेकदा घरातली कमावती माणसं बाहेर पडल्यावर येतो. 'तुमचा मोबाइल नंबर दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी नऊ दाबा.' किंवा, 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत.' किंवा, 'तुमच्या आधार क्रमांकावर मुंबईत खातं उघडून त्यातून काळा पैसा फिरवला गेला आहे.' मग फोन म्हणे पोलिसांकडे जोडून दिला जातो आणि गाडी व्हिडिओ कॉलवर येते. पडद्यावर गणवेशातला माणूस, मागे बोधचिन्ह, टेबलावर फायली. व्हॉट्सअॅपवर अटक वॉरंट येतं, त्यावर आपलं नाव, पत्ता, आधार क्रमांक, सगळं बिनचूक. इथे माणसाच्या पायाखालची वाळू सरकते. आपली माहिती किती ठिकाणांहून फुटलेली असू शकते याची त्याला कल्पना नसते. एवढं अचूक ठाऊक आहे म्हणजे हे सरकारच, असा त्याचा समज होतो.

पुढचं वाक्य ठरलेलं असतं: 'आप डिजिटल अरेस्ट में हैं.' कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, बायकोला, मुलांना, शेजाऱ्यांना सांगायचं नाही, प्रकरण राष्ट्रीय सुरक्षेचं आहे. मग पडताळणीसाठी सगळे पैसे एका 'सरकारी' खात्यात भरायचे, निर्दोष ठरलात की परत मिळतील.

हे सगळं हिंदीत चालतं, आणि मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या साठी-सत्तरीच्या माणसाला हिंदी कळते, पण हिंदीत भांडता येत नाही. तलाठ्याशी, कंडक्टरशी, पेन्शन अडवून धरणाऱ्या क्लार्कशी तो मराठीत तासभर हुज्जत घालेल. हिंदीत दरडावणाऱ्या साहेबापुढे मात्र त्याच्या तोंडून 'जी सर' एवढंच निघतं. म्हणून आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी सगळ्यांना सांगते, फोन कुणाचाही असो, तुम्ही मराठीतच बोला. 'मला मराठीत सांगा, नाहीतर मी उद्या मुलाला घेऊन चौकीत येतो', असं म्हणा. आपल्या भाषेत आलं की डोकंही आपलं चालू लागतं.

हे अडाणी लोकांच्या बाबतीत होतं, हा समज आधी मनातून काढून टाकायला हवा. वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्याकडून २०२४ मध्ये सात कोटी रुपये उकळले गेले. त्यांच्यापुढे सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी उभी केली होती आणि खुद्द सरन्यायाधीशांचं सोंग घेतलेला माणूस बोलत होता. ज्यांच्या हाताशी वकिलांची फौज असते त्यांची ही गत, तर निवृत्त हेडक्लार्कचं काय? मुंबईत ८६ वर्षांच्या एका आजींकडून डिसेंबर २०२४ पासून दोन महिन्यांहून अधिक काळ थोडे थोडे करत वीस कोटींच्या वर रक्कम काढून घेतली गेली. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दाम्पत्याला न्यायाधीशांच्या खोट्या सह्यांचे आदेश दाखवून एक कोटी पाच लाखांना लुटलं. त्या बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. सायबर गुन्ह्यांत २०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं.

या टोळ्यांचं भांडवल म्हणजे आपल्या पिढीचा सरळपणा. आयुष्यभर वेळेवर घरपट्टी भरली, कधी कोर्टाची पायरी चढलो नाही, पोलीस दारात येणं म्हणजे घराण्याला बट्टा, असं मानणारी ही माणसं. त्यांना तुरुंगाचं भय वाटतंच, पण 'लोक काय म्हणतील' याचं भय त्याहून मोठं असतं. ज्याने आयुष्यात चार लफडी केली, तो 'कर अटक' म्हणून फोन आपटेल. सरळ माणूस मात्र आपलं निर्दोषत्व सिद्ध करायला धडपडतो आणि त्या धडपडीतच अडकतो.

कायद्याचं सांगायचं तर अटक अशी होतच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३व्या कलमानुसार अटक म्हणजे पोलिसाने प्रत्यक्ष समोर येऊन माणसाला ताब्यात घेणं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अपवादात्मक परिस्थितीशिवाय अटक करता येत नाही. चौकशीला हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची तरतूदच नसल्याचं सांगितलं होतं. पण त्या क्षणी कलमं आठवत नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझ्या नोकरीच्या अखेरच्या काळातली गोष्ट. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आमचे जुने खातेदार. दर महिन्याला नवरा-बायको जोडीने यायचे, पेन्शन जमा झाल्याची नोंद करून घ्यायचे, थोडी रक्कम काढायचे. त्यांची स्लिप घरूनच भरून आणलेली असायची, फळ्यावर लिहावं तसं सुंदर अक्षर. त्या दिवशी ते एकटे आले. मुदत ठेव मोडायची आणि सगळी रक्कम आरटीजीएस करायची, म्हणजे लगेच दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पाठवायची, म्हणाले. फॉर्मवर अक्षर ओळखू येईना, दोन ठिकाणी गिरवलेलं. पैसे कशासाठी, असं मी नेहमीसारखं विचारलं. 'मुलीच्या फ्लॅटसाठी', असं एका दमात, पाठ केल्यासारखं उत्तर आलं. गुरुजींना मुलगी नाही. एकच मुलगा, तो पिंपरीला असतो. पैसे जायचे होते ते परराज्यातल्या कुठल्याशा 'ट्रेडर्स'च्या नावावर. मग माझं लक्ष त्यांच्या खिशाकडे गेलं. शर्टाच्या खिशात फोन, कॅमेरा बाहेरच्या बाजूला, आणि एका कानात वायर.

मी मोठ्याने म्हटलं, 'गुरुजी, सर्व्हर डाऊन आहे, जरा बसा.' आणि पैसे भरायच्या स्लिपच्या मागे लिहून कागद त्यांच्यापुढे सरकवला: 'कोणी धमकावतंय का? फक्त मान हलवा.' त्यांनी मान हलवली नाही. कागदाकडे बराच वेळ पाहिलं, काउंटरला दोरीने बांधलेलं पेन उचललं आणि खाली लिहिलं, 'सीबीआय आहे. बोलू नका.' मी लिहिलं, 'खोटे आहेत.' त्यांनी हात जोडले. इतकी वर्षं ओळखीच्या असलेल्या मॅडमपेक्षा, ज्याला कधी पाहिलं नाही त्या माणसावर त्यांचा जास्त विश्वास बसला होता, कारण त्या माणसाकडे त्यांच्या आधारचा नंबर होता.

मॅनेजरसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं. घरच्या लँडलाइनवर कितीदा तरी रिंग गेली, कुणी उचलेना. नंतर कळलं की बाईसुद्धा घरी दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यापुढे बसून होत्या, उठायची मनाई होती. शेवटी जवळच्या चौकीतून एक हवालदार आले. त्यांनी गुरुजींच्या कानातली वायर हलकेच काढली, फोन हातात घेतला आणि मराठीत विचारलं, 'कोण बोलतंय? कुठल्या ठाण्यातून?' तिकडून फोन कटला. ठेव वाचली. गुरुजींनी हवालदारांना पहिला प्रश्न विचारला तो असा: 'म्हणजे माझ्यावर गुन्हा नाही ना साहेब?'

त्यानंतर पुढचे काही महिने पेन्शनची नोंद करायला बाई एकट्याच यायच्या. 'त्यांना तुमच्यासमोर यायची लाज वाटते', म्हणाल्या. एक रुपया गेलेला नसताना ही लाज. ज्यांचे जातात त्यांचं काय होत असेल! आणि ही लाज वाढवायचं काम आपण घरातली माणसंच करतो. 'एवढे शिकलेले असून तुम्हाला कळलं नाही?' हे वाक्य मी काउंटरसमोर मुलांच्या, सुनांच्या, जावयांच्या तोंडून ऐकलं आहे. बापाची मान खाली जाते. पुढच्या वेळी काही संशयास्पद घडलं तर हा माणूस घरात सांगेल का? चोर म्हणतो, कुणाला सांगू नका. आपणही रागावून त्याला तेच शिकवतो.

मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आई-वडिलांशी पैशाबद्दल बोला, आणि काही घडायच्या आधी बोला. आपल्या घरांत बाप मुलाला ठेवींचे आकडे सांगत नाही आणि मुलगा विचारत नाही, कारण विचारलं तर इस्टेटीवर डोळा आहे असं वाटेल. आकडे नका विचारू. एवढंच ठरवा की दहा हजारांच्या वर कुठेही पैसे पाठवायचे तर आधी एकमेकांना फोन करायचा. दोन्ही बाजूंनी. मुलानेही करायचा, म्हणजे वडिलांना आपल्यावर पाळत आहे असं वाटत नाही.

आता पैशाच्या मांडणीबद्दल. माझं ठाम मत आहे की निवृत्तीच्या पैशाला वेगाची गरजच नसते. गेल्या काही वर्षांत मुलांनी मायेने आई-बाबांना सगळं मोबाइलवर करून दिलं. ठेव मोबाइलवर उघडते, मोबाइलवर मोडते, रात्री अकराला पैसे देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचतात. हॉस्पिटलचा प्रसंग सोडला तर सत्तरीतल्या माणसाला आपली ठेव पाच मिनिटांत मोडायची निकड कधी पडते? आणि हॉस्पिटलसाठी लागेल तेवढी रक्कम वेगळी ठेवता येते. उरलेल्या पैशाची ती पाच मिनिटं चोराच्याच उपयोगाची.

म्हणून रोजच्या वापराचं खातं वेगळं करा. यूपीआय आणि एटीएम कार्ड फक्त त्याच खात्याला, आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे. मोठ्या रकमेचं खातं दुसऱ्या बँकेत असलं तर उत्तम, तिथे नेट बँकिंग घेऊच नका, किंवा घेतलं तर फक्त शिल्लक पाहण्यापुरतं. पैसे पाठवण्याची मर्यादा अगदी कमी करून ठेवा. ती शाखेत अर्ज देऊन किंवा अॅपमधूनही करता येते. ठेव मोबाइलवरून मोडण्याची सोय बंद करून मिळते का, हे शाखेत विचारा. पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना मला या दृष्टीने फार आवडते. तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत पाच वर्षांची, व्याज दर तिमाहीला खात्यात. मध्येच पैसे काढायचे तर फॉर्म भरावा लागतो आणि काही रक्कम कापली जाते. ती कपात लोकांना खटकते. पण फॉर्म भरायला जाणं, रांगेत उभं राहणं, ओळखीच्या पोस्टमास्तरांनी 'काय झालं काका, एवढी कसली नड?' असं विचारणं, यात जो वेळ जातो तोच माणसाला भानावर आणतो.

मोठ्या ठेवींची आणखी एक गोष्ट. संयुक्त ठेव घेताना बहुतेक जण 'दोघांपैकी कुणीही एक किंवा हयात' यावर खूण करतात, कारण ते सोयीचं पडतं. त्याऐवजी 'दोघांच्या सहीने' घेतली तर एकट्याला घाबरवून मुदतीआधी ठेव मोडून घेता येत नाही. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: जोडीतलं एक माणूस गेलं तर मागे राहिलेल्याला कागदपत्रांचा त्रास पडतो. नामनिर्देशनही पक्कं असलं पाहिजे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यांना आणि ठेवींना चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, तेव्हा जुने फॉर्म पुन्हा एकदा काढून बघाच.

बाकीच्या फसवणुकींचं थोडक्यात. वीज आज रात्री तोडणार असल्याचा मेसेज, लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनाच्या चलानच्या नावाने आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये चोराचं अॅप बसवणारी), नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी येणारा फोन, फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं अॅप टाकायला सांगणारा 'बँकेचा माणूस'. यातलं काहीही आलं तर फोन ठेवायचा आणि खऱ्या कार्यालयाला आपण स्वतः फोन करायचा, नंबर पासबुकावरचा किंवा बिलावरचा. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. शेअर बाजारात भरघोस नफा दाखवणारे व्हॉट्सअॅप ग्रुप तर निवृत्त पुरुषांचे मोठे शत्रू आहेत. तिथे पहिल्यांदा थोडे पैसे खरंच परत देतात, म्हणून विश्वास बसतो.

आणि तरीही पैसे गेलेच, तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर फिरवा. मुलगा संध्याकाळी येईल मग बघू, असं करू नका. चोराने घेतलेली रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून पुढे पुढे सरकवली जाते, आणि जोवर ती कुठल्या तरी खात्यात आहे तोवरच गोठवता येते. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ, आपला खाते क्रमांक हाताशी ठेवा, आपल्या बँकेलाही लगेच कळवा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम असा आहे की आपली चूक नसताना, त्रयस्थाने परस्पर खात्यातून पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. पण घाबरून आपणच सही करून पैसे पाठवले, तर हा नियम सहसा उपयोगी पडत नाही. लोकांना हे फार उशिरा कळतं.

इथेच मला बँकांना काही म्हणायचं आहे. सगळं ओझं म्हाताऱ्या माणसाच्या सावधपणावर टाकणं न्यायाचं नाही. सिंगापूरच्या तीन मोठ्या बँकांनी २०२३ मध्ये खातेदाराला आपल्या रकमेचा काही भाग कुलूपबंद ठेवण्याची सोय दिली. तो भाग ऑनलाइन हलतच नाही, सोडवायचा तर प्रत्यक्ष जावं लागतं. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून, फसवणुकीला बळी पडून माणसाने स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसेसुद्धा, ८५,००० पौंडांपर्यंत, बँकांना बहुतेक प्रकरणांत भरून द्यावे लागतात. बँकेच्या खिशातून पैसे जाऊ लागले की बँकही डोळ्यांत तेल घालून व्यवहार बघते. पन्नास वर्षांत ज्याने एका वेळी लाखभर रुपयेसुद्धा हलवले नाहीत, तो एका सकाळी तीस लाख अनोळखी खात्यात पाठवतो, हे संगणकाला दिसत नाही असं मला कुणी सांगू नये.

आमच्या संघाने गावातल्या सगळ्या बँकांच्या शाखांना द्यायचा एक अर्ज तयार केला आहे. त्यात तीन मागण्या आहेत. साठीच्या पुढच्या खातेदाराने लेखी दिलं तर त्याची ठेव फक्त शाखेत येऊनच मोडता यावी. ठरावीक रकमेच्या वरचे पैसे पहिल्यांदाच एखाद्या खात्यात जात असतील तर ते एक दिवस थांबवावेत. आणि खातेदाराने नाव दिलेल्या घरच्या एका माणसाला त्या वेळी फोन जावा. सह्या गोळा करायचं काम सुरू आहे. पहिली सही गुरुजींनी केली आणि खाली आपलं पूर्ण नाव, खाते क्रमांकासकट, पूर्वीच्याच अक्षरात लिहिलं. खाते क्रमांक तेवढा मी त्यांना खोडायला लावला.